दयेचं लाकूड कुणाच्या रानातलं?

मी प्युरिटन लोकांच्या नादाला लागलो तो बाबासाहेबांमुळं. १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेलं आणि त्यांना करू न दिलेलं ते भाषण, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, त्यात बाबासाहेब एक मुद्दा मांडतात. राजकीय क्रांतीच्या आधी माणसाच्या मनाची, धर्माची, समाजाची क्रांती व्हावी लागते. दाखले देताना ते ल्यूथर सांगतात, पैगंबर सांगतात, चंद्रगुप्ताच्या आधीचा बुद्ध सांगतात. आणि प्युरिटन सांगतात. या धर्मचळवळीनं नवं जग वसवलं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध जिंकलं, असं त्यांचं म्हणणं.

मुद्दा खरा आहे. तो मी खोडायला बसलेलो नाही. पण आपण गावकुसाबाहेरची माणसं. कुणी म्हणालं ‘नवं गाव वसवलं’, की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो : वेशीबाहेर कोण राहिलं? तेवढ्या एका प्रश्नापायी मी वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथं मांडतो.

१६३० साली इंग्लंडातून अकरा जहाजं निघाली. माणसं सातशे ते हजार. पुढाऱ्याचं नाव जॉन विन्थ्रॉप. पाद्री नव्हता. वकील होता, जमीनदार होता, आणि नव्या वसाहतीचा गव्हर्नर म्हणून निवडलेला होता. आर्बेला नावाच्या जहाजाच्या त्या प्रवासाशी त्याचं एक प्रवचन जोडलेलं आहे. विषय : ख्रिस्ती दयेचा नमुना. ते छापलं गेलं थेट १८३८ साली. पण आज अमेरिकेत शाळकरी पोरालाही त्यातली डोंगरावरच्या नगराची उपमा माहीत असते. केनेडीनं १९६१ साली ती भाषणात वापरली, रेगननं तर घासून घासून गुळगुळीत केली. सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, आपण चुकलो तर जगात छीथू होईल, असा त्या उपमेचा भाव.

ही उपमा येते शेवटाला. सुरुवात कशी होते हे पुढारी सांगत नाहीत. सुरुवातीला विन्थ्रॉप सांगतो, की देवानंच ठरवलंय : काही श्रीमंत असतील, काही गरीब, काही वर बसतील, काही खाली वाकतील. हे सर्व काळ असंच राहणार. का? तर तीन कारणं. एक, विविधतेतून देवाचं शहाणपण दिसतं. दोन, श्रीमंताला गरिबाला न खाण्याची, आणि गरिबाला उठून मानेवरचं जू न फेकण्याची शिकवण देवाला देता येते. तीन, प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते, आणि गरजेतून प्रेम वाढतं.

दुसरं कारण नीट वाचा दोस्तहो. श्रीमंतानं खायचं नाही, गरिबानं उठायचं नाही. दोघांनाही सारखाच लगाम घातल्यासारखं वाटतं. पण एकाला त्याचा हात आवरायला सांगितलंय, आणि दुसऱ्याला त्याची मान खाली ठेवायला. हे सारखं कसं?

पुढं तो शरीराची उपमा देतो. आपण सारे एका देहाचे अवयव, आणि प्रेम हे त्या अवयवांना बांधणारे स्नायू. देहाची उपमा ऐकली की आपला माणूस सावध होतो. आपल्याकडं एका देहाच्या तोंडातून कोण निघालं, पायातून कोण निघालं, आणि त्या पायाला कुठं कुठं जागा नव्हती, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी फरक सांगायलाच हवा, नाहीतर आपण खोटं बोललो असं होईल. विन्थ्रॉपच्या देहात विटाळ नाही. जन्मानं ठरलेलं काम नाही. आणि तो श्रीमंतालाही बजावतो : तुझी श्रीमंती तुझ्यासाठी नाही, देवाच्या आणि सगळ्यांच्या कामासाठी आहे. आपल्याकडच्या एखाद्या शेटजीला हे ऐकवून बघा.

त्यांचं चांगलं आहे ते चांगलंच म्हणायचं. विन्थ्रॉपनं उसनवारीचा नियम सांगितला तो असा : मागणाऱ्याजवळ फेडायला काहीच नसेल तर उसनं देऊ नको, सरळ दे. फेडण्याची सोय असेल तरच उसनं दे. आणि दिलेलं बुडालं, समोरच्याची ऐपतच संपली, तर माफ कर. संकटाच्या काळात तर स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन दे. सावकाराच्या वहीत पिढ्या गाडल्या गेलेल्या आपल्या माणसाला हे वाचताना गलबलून येतं.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. १६३९ साली बोस्टनमधला रॉबर्ट केन नावाचा व्यापारी जास्त नफा घेऊन माल विकतो म्हणून कोर्टापुढं उभा केला. २०० पौंड दंड. पुढं तो कमी केला, पण चर्चनंही त्याला चारचौघांत कबुली द्यायला लावली. त्या माणसाच्या काळजात ते इतकं रुतलं, की १६५३ साली मृत्युपत्र लिहायला घेतलं तर त्यात पानंच्या पानं स्वतःचा बचाव करत बसला. नफेखोराला लाज वाटावी असं गाव त्यांनी वसवलं होतं. ही लहान गोष्ट नाही.

आता लाकडाची गोष्ट. कॉटन मॅदर नावाच्या पाद्र्यानं १७०२ सालच्या ग्रंथात ती लिहिलीय. कडाक्याचा हिवाळा. विन्थ्रॉपला कुणीतरी येऊन सांगितलं, एक गरीब माणूस तुमच्या ढिगातली लाकडं चोरतोय. विन्थ्रॉप रागावल्यासारखा म्हणाला, बोलवा त्याला, त्याची चोरी कायमची बंद करतो. माणूस आला. विन्थ्रॉप त्याला म्हणाला, हिवाळा वाईट आहे, तुझ्या घरात लाकूड कमी असणार, हिवाळा सरेपर्यंत माझ्या ढिगातलं नेत जा. मग मित्रांना हसत विचारलं, केली की नाही मी चोरी बंद?

गोष्ट गोड आहे. मलाही आवडली. दोन दिवस मी ती मित्रांना सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी रात्री झोपताना एकदम डोक्यात आलं : च्यायला, लाकूड कुणाच्या रानातलं?

ते रान मॅसॅच्युसेट लोकांचं. तिथल्या मूळ माणसांचं. १६१६ ते १६१९ या काळात गोऱ्यांच्या जहाजांमागून आलेल्या साथीनं किनाऱ्यावरची त्यांची गावंच्या गावं ओस पडली होती. प्लिमथ ही त्याआधीची वसाहत, मेफ्लॉवरवाल्यांची, १६२० सालची. ती तर पटुक्सेट नावाच्या मेलेल्या गावाच्या जागेवरच उभी राहिली. त्या गावचा टिस्क्वांटम याला एका इंग्रज कप्तानानं १६१४ साली पळवून स्पेनात विकलं होतं. तो कसाबसा परत आला तर गावात जिवंत कुणी नाही. त्यानंच या भुकेल्या पाहुण्यांना मका पेरायला शिकवलं. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची निम्मी माणसं मेली होती. म्हणजे त्या भूमीवरचं पहिलं दान कुणी कुणाला दिलं, याचा हिशेब आधी नीट लावा.

विन्थ्रॉप वकील. रान आपलं कसं, याचा युक्तिवाद त्यानं निघण्याआधीच, १६२९ साली, तयार ठेवला होता. हे लोक जमिनीला कुंपण घालत नाहीत, गुरं पाळत नाहीत, कायमची घरं बांधत नाहीत. त्यांना पुरेल इतकं सोडून बाकीचं आपण घेतलं तर हरकत नाही. पुढं देवीची साथ आली, आणखी माणसं मेली, तेव्हा देवानंच आपला हक्क मोकळा करून दिला असं त्यानं लिहिलं. प्रेताच्या ढिगावर उभं राहून सातबारा आपल्या नावावर झाला म्हणून देवाचे आभार!

आता लाकडाची गोष्ट पुन्हा सांगतो. एका माणसानं दुसऱ्याचं रान घेतलं. त्या रानातलं लाकूड तोडून दारात ढीग लावला. तिसऱ्या गरिबानं त्यातलं चार काटक्या नेलं, तो चोर ठरला. पहिल्यानं त्याला माफ केलं, तो दयाळू ठरला. गोष्टीत दयाळू माणसाला नाव आहे. चोराला नाव नाही. आणि रान ज्याचं होतं तो गोष्टीतच नाही.

हा माझा या लेखातला सगळा मुद्दा. बाकीचं आता त्याचंच खुलासेवार बोलणं आहे.

प्रेमानं बांधलेल्या गावाला कुंपण लागतं का? १६३७ सालचा मे महिना बघा. अ‍ॅन हचिन्सन या बाईच्या धर्मविचारांवरून बोस्टनमध्ये भांडण पेटलेलं. तिच्या मताची नवी माणसं येऊ नयेत म्हणून कोर्टानं हुकूम काढला : अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय परक्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त घरात ठेवायचं नाही. विन्थ्रॉपनं या हुकुमाच्या समर्थनात निबंधच लिहिला. बाईला त्याच वर्षी हद्दपारीची शिक्षा झाली.

त्याच मे महिन्यात, २६ तारखेला, मिस्टिक इथं पीक्वॉट लोकांच्या तटबंदी गावाला पहाटे आग लावली. कनेक्टिकटचा मेसन, मॅसॅच्युसेट्सचा अंडरहिल, सोबत त्यांच्या बाजूचे मोहिगन आणि नॅरागान्सेट. आगीतून बाहेर पळणाऱ्याला बाहेर मारलं. काही शे माणसं मेली, त्यात बायका, पोरं, म्हातारी. १६३८ च्या तहात लिहून घेतलं की उरलेल्यांनी पीक्वॉट हे नावसुद्धा लावायचं नाही. माणूस मारला, मग नाव मारलं. बंदी केलेले काही दूरच्या बेटांवर विकले. ‘डिझायर’ नावाचं जहाज १६३८ साली वेस्ट इंडीजहून परत आलं, ते कापूस, तंबाखू आणि आफ्रिकन गुलाम घेऊन. विन्थ्रॉपनं रोजनिशीत त्याची नोंद केलीय. त्याच्या स्वतःच्या घरात पीक्वॉट बंदी राबत होते. १६४१ साली वसाहतीनं आपल्या स्वातंत्र्यांची संहिता केली. तिचं नावच स्वातंत्र्याचं, आणि तिच्यातच न्याय्य युद्धातले बंदी आणि विकले गेलेले परके यांना गुलाम ठेवायची मोकळीक.

हे सगळं करणारे ढोंगी होते असं म्हटलं की प्रश्न सोपा होतो. मला वाटतं ते ढोंगी नव्हते. तेच तर भयंकर आहे. ते एकमेकांवर खरंच प्रेम करत होते. आजाऱ्याच्या उशाशी बसत होते, उसनं माफ करत होते. पण ते प्रेम घरातल्या चुलीसारखं होतं. आतल्याला ऊब, आणि सरपण बाहेरचं.

आतल्यांनाही ऊब सारखी नव्हती. प्रार्थनेच्या घरात कोण कुठल्या बाकावर बसायचं ते वय, पैसा, मान बघून ठरे. १६५१ साली कायदा झाला की २०० पौंडांहून कमी मालमत्तेच्या माणसानं सोन्याचांदीची किनार लावायची नाही. अंगावर काय घालायचं यावर पहारा! वाचून मी हसलो, मग हसू गेलं. चांदीचा दागिना, नवं धोतर, पायातली वहाण, यांच्यापायी आपल्या किती माणसांनी मार खाल्लाय.

आणि मागणाऱ्याचं काय होतं? १६९२ सालच्या सेलमच्या चेटकीण खटल्यात पहिल्या तिघी पकडल्या, त्यात एक टिट्युबा, घरातली गुलाम. दुसरी आजारी सारा ऑसबर्न. तिसरी सारा गुड. ही घर गेलेली बाई, दारोदार मागून खायची. कुणी दिलं नाही की तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून जायची. त्या पुटपुटण्यानंच म्हणे गुरं मेली, पोरं आजारी पडली. १९ जुलैला तिला फाशी दिलं. तिच्या चारएक वर्षांच्या पोरीलाही तुरुंगात साखळदंड घातले होते.

माझी आजी येसकराची बायको. संध्याकाळी भाकर मागायला जायची. ‘हक्काची’ भाकर असं कागदावर, बलुत्यात. पण हक्क घ्यायला दारात लांब उभं राहून हाळी द्यावी लागे, आणि भाकर वरून टाकली जाई. कधी नुसतं हाकलत. आजी मग रस्त्यानं पुटपुटत यायची. काय पुटपुटायची ते मी कधी विचारलं नाही. सारा गुडचं वाचलं तेव्हा कळलं, की न देणाऱ्याला मागणाऱ्याच्या पुटपुटण्याचं एवढं भय का वाटतं. त्यात हिशेब असतो.

आता उलट बाजू. ती लपवली तर मी बेइमान. याच प्युरिटनांच्या वंशातल्या, त्यांच्याच चर्चच्या परंपरेतल्या लोकांनी १८१० साली परदेशी मिशनची संस्था काढली. तिची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली. १८३१ साली अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, ठाण मांडलं. ‘ज्ञानोदय’ तिथलंच, १८४२ चं. महार-मांगांच्या पोरांना त्यांच्या शाळेत बसता आलं. सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात शाळा काढली. त्या शाळांमधून शिकलेली मुक्ता, मांगाची पोर, तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. म्हणजे आर्बेलाच्या प्रवचनाचा एक धागा फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आलाय. मग त्यांच्या दयेला नावं ठेवणारा मी कोण?

इथं मला एक जोडी दिसते. १६२९ साली या वसाहतीची एक मोहर केली होती. मोहरेवर तिथला मूळ माणूस, उघडा, हातात धनुष्यबाण, आणि त्याच्या तोंडून शब्द काढलेले : इकडं या, आम्हाला मदत करा. त्याला कुणी विचारलं होतं? त्याचं तोंड काढलं त्यांनी, शब्द घातले त्यांनी, आणि त्या हाकेला ओ देऊन आलेही तेच.

दुसऱ्या बाजूला मुक्ता. तिच्या तोंडात कुणी शब्द घातले नाहीत. चौदा वर्षांच्या पोरीनं विचारलं, वेद जर फक्त ब्राह्मणांचे तर आम्ही कुठल्या धर्माचे? अक्षर कुणीतरी दिलं होतं, पण प्रश्न तिचा होता. हा फरक मी धरून बसलोय. ज्या देण्यातून घेणाऱ्याचं तोंड बंद होतं ती दया. ज्या देण्यातून घेणाऱ्याला देणाऱ्यालाही उलट विचारता येतं, ते माझ्या मते देणंच नव्हे, ती थकलेली बाकी आहे. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती तिथल्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामासाठी. लाकूड वाटल्याबद्दल नव्हे. त्यांना फरक कळत होता.

बाबासाहेबांनी बंधुतेला समता आणि स्वातंत्र्यापासून कधी सुटं केलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी हेच बजावलं, की ही तीन एकत्रच राहतात, एक काढलं की तिघांचा जीव जातो. विन्थ्रॉपनं नेमकं तेच केलं. समता काढून ठेवली आणि बंधुता वाढायला घेतली. वरचा वरच राहील, खालचा खालीच, मधे प्रेम. सात वर्षांत मिस्टिक पेटलं.

त्या गावात लाकडाचा प्रश्न विचारणारा एक माणूस होता. रॉजर विल्यम्स. तो म्हणाला, इंग्लंडच्या राजाला ही जमीन द्यायचा हक्क काय? जमीन त्या लोकांची. १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. मला वाटलं, चला, आपला माणूस सापडला. पुढं वाचलं तर युद्धानंतर यानंही एक पीक्वॉट पोरगं मागून घेतलं, आपल्या घरी ठेवायला.

त्या पानावर मी पुस्तक मिटलं, कारण मला आमची वस्ती आठवली.

मागच्या १४ एप्रिलला आम्ही नोकरीवाल्यांनी वर्गणी काढून पोरांना वह्या-पुस्तकं वाटली. बरं वाटलं, फोटो निघाले. नाल्यापलीकडच्या मातंग वस्तीतलं एक पोरगं रांगेत येऊन उभं राहिलं. वाटणारा म्हणाला, यादीत नाव नाही, आधी आपल्यांचं होऊ दे. पोरगं थोडा वेळ थांबलं. मग गेलं. मी दोन हात अंतरावर होतो. माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. मी काही बोललो नाही.

ती यादी म्हणजे आमचा १६३७ चा हुकूम. आणि त्या वह्या ज्या पगारातून आल्या तो पगार ज्या लढ्यातून आला, त्यात त्या पोराच्या पणज्याचा घाम नव्हता? मुक्ता कुणाची होती? रान कुणाचं होतं?

ते पोरगं जाताना काहीतरी पुटपुटत होतं. आजीचं मी ऐकलं नाही, त्याचंही ऐकलं नाही. यंदाच्या बैठकीत मी यादीचा विषय काढणार आहे. भांडण होईल, होऊ दे. पण त्याआधी नाला ओलांडून त्याच्या दारात जायचंय. वही घेऊन नाही. काय म्हणत होतास, एवढंच विचारायला.